‘एकदाच झालं, त्यानं काय होतंय?’

दुपारची जेवणं आटोपावीत, ओटा पुसून घ्यावा आणि जरा पाठ टेकावी म्हणावं, तोच दारावर टकटक होते. दारात शेजारची मैत्रीण उभी. हातात वाटी, विरजण मागायला आल्याची. पण वाटी नुसती निमित्ताला. दोन मिनिटं इकडचं तिकडचं बोलून झालं की तिचा आवाज खाली येतो, “अगं, एक विचारायचं होतं...”

असा प्रसंग तुमच्याही घरी घडला असेल. कदाचित ती वाटी घेऊन जाणाऱ्या तुम्हीच असाल!

माझ्याकडे आलेली मैत्रीण दोन मुलांची आई. धाकटा नुकताच बालवाडीत जाऊ लागलेला. शनिवारी रात्री घरातले निरोध संपले होते. ‘आता काही धोक्याचे दिवस नाहीत’ असं म्हणून दोघांनी तसंच चालवून घेतलं. माझ्याकडे ती आली सोमवारी. मधल्या वेळात स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरपुढे उभी राहून तिनं किती वेळा बोटं मोजली असतील कोण जाणे. दुधाचे खाडे, गॅस सिलिंडरची तारीख आणि चौकोनाच्या कोपऱ्यात पेन्सिलीची एक बारीक फुली. ती फुली कसली, हे घरात तिच्याखेरीज कुणालाच ठाऊक नसतं.

“दहाव्या दिवसापासून सतराव्यापर्यंतच जपायचं असतं ना? माझा तर विसावा होता. मग कशाला घाबरायचं?” असं ती मलाच समजावत होती. पण चेहरा उतरलेला होता. कारण वर्षभरापूर्वी अशाच हिशेबावर विसंबून ती दोन महिने गप्प बसली होती, आणि त्याचं काय झालं ते आम्ही दोघींनी पाहिलं होतं.

मी काही डॉक्टर नव्हे. शाळेत अर्धा वेळ मराठी शिकवते. पण त्या दुपारी मी तिला घेऊन आमच्या डॉक्टरीणबाईंकडे गेले. तिथं जे ऐकलं आणि नंतर वाचून ताडून पाहिलं, ते तुमच्यापुढे ठेवते आहे. या गोष्टी आपल्याला ना आईनं सांगितल्या, ना शाळेनं.

हिशेब बेरजेचा नाही, वजाबाकीचा

पाळी सुरू झाली तो पहिला दिवस धरायचा, हे आपल्याला ठाऊक असतं. ‘चौदाव्या दिवशी स्त्रीबीज सुटतं’ हेही कुठंतरी वाचलेलं असतं. घोटाळा होतो तो इथंच. चौदा दिवस मोजायचे असतात ते मागच्या पाळीपासून पुढं नव्हे, तर येणाऱ्या पाळीपासून मागं. बीजकोशातून स्त्रीबीज सुटल्यावर साधारण चौदा दिवसांनी पाळी येते. हा नंतरचा काळ बहुतेक जणींत फारसा बदलत नाही. बदलतो तो आधीचा काळ.

आता वजाबाकी करून पाहा. जिची पाळी २८ दिवसांनी येते, तिचं स्त्रीबीज चौदाव्या दिवसाच्या आसपास सुटतं. जिची २४ दिवसांनी येते, तिचं दहाव्या. आणि माझ्या मैत्रिणीची पाळी येते ३५ दिवसांनी. पस्तिसातून चौदा गेले, राहिले एकवीस. म्हणजे ज्या विसाव्या दिवसाला ती ‘सुरक्षित’ समजत होती, तो तिच्यासाठी ऐन धोक्याचा निघाला!

“मग प्रत्येकीनं आपापली वजाबाकी करावी, झालं!” असं तुम्ही म्हणाल. पण त्यातही एक मेख आहे. पुढची पाळी नक्की कधी येणार, हे आधी कुणाला कळतं? जागरण, आजारपण, मनाचा ताण, घरातलं लग्नकार्य, कशानंही स्त्रीबीज सुटायला उशीर होतो आणि पाळी पुढं जाते. हल्ली मोबाइलवर पाळीचा हिशेब ठेवणारी ॲप असतात. तारखा लिहून ठेवायला ती सोयीची खरी. पण बऱ्याचशा ॲपचा अंदाज मागच्या महिन्यांच्या सरासरीवरच बांधलेला असतो. या महिन्यात तुमच्या शरीरानं काय ठरवलं आहे, ते त्या सरासरीला कसं कळावं?

स्त्रीबीजाचा संबंध येणाऱ्या पाळीशी आहे, हे १९२० नंतरच्या दशकात जपानचे डॉ. ओगिनो आणि ऑस्ट्रियाचे डॉ. क्नाउस या दोघांनी स्वतंत्रपणे दाखवून दिलं. ‘सुरक्षित काळा’ची कल्पना त्यातूनच पसरली. गंमत अशी, की गर्भ टाळण्यासाठी या मोजणीवर विसंबणं खुद्द ओगिनोंनाच पसंत नव्हतं.

पाच दिवस वाट पाहणारा पाहुणा

स्त्रीबीजाचं आयुष्य अगदी थोडं. सुटल्यापासून बारा ते चोवीस तास. तेवढ्यात पुरुषबीज भेटलं नाही तर ते विरून जातं. हे ऐकून वाटतं, ‘एकच दिवस सांभाळायचा की!’ पण पुरुषबीज चिवट असतं. अनुकूल स्राव मिळाला तर ते स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतं. म्हणजे आजच्या संबंधातून चार दिवसांनी गर्भ राहू शकतो.

तेव्हा धोक्याचे दिवस सहा: स्त्रीबीज सुटण्याआधीचे पाच आणि तो स्वतः सहावा. अमेरिकेत मूल हवं असलेल्या २२१ स्त्रियांचा याबाबत अभ्यास झाला. तो १९९५ साली प्रसिद्ध झाला. त्यात स्त्रीबीज सुटण्याच्या पाच दिवस आधी आलेल्या संबंधातून दिवस जाण्याची शक्यता शंभरात दहाच्या आसपास आढळली, तर प्रत्यक्ष त्या दिवशी शंभरात तेहतीस. याच स्त्रियांच्या नोंदींवरून २००० साली आणखी एक गोष्ट पुढं आली. हे सहाच्या सहा दिवस दहाव्या ते सतराव्या दिवसांच्या आत बसले, अशा स्त्रिया शंभरात साधारण तीसच निघाल्या. बाकीच्यांचे काही दिवस अलीकडे, नाहीतर पलीकडे. आपण ज्या ‘दहा ते सतरा’वर विसंबतो, त्याची ही कथा!

पाळी लवकर येणाऱ्या बाईला तर पाळी संपता संपताच दिवस जाऊ शकतात. चोवीस दिवसांनी पाळी येते, सहा दिवस अंगावरून जातं, आणि दहाव्या दिवशी स्त्रीबीज सुटतं, असं समजा. मग सहाव्या-सातव्या दिवशीचा संबंध धोक्याचाच नाही का?

या समजुतींवर विसंबू नका

‘एकदाच झालं, त्यानं काय होतंय?’ शरीर मोजदाद ठेवत नाही. दिवस जायला एकदाच पुरतं.

‘हे वेळेवर आवरतात, तेव्हा काळजी नाही.’ नेहमीच्या वापरात या पद्धतीवर भिस्त ठेवणाऱ्या शंभर जणींपैकी जवळजवळ वीस जणींना वर्षभरात दिवस जातात. काहीच न करण्यापेक्षा बरं, इतकंच.

‘लगेच उठून लघवीला गेलं, पाण्यानं धुऊन काढलं की झालं.’ नाही. पुरुषबीज काही क्षणांतच गर्भाशयाच्या मुखातून वर निघालेलं असतं. पाणी तिथवर पोचत नाही. उलट आतून धुण्यानं जंतुसंसर्ग मात्र होऊ शकतो.

‘मी अजून अंगावर पाजते.’ हे खरं ठरायला तीन अटी आहेत. बाळ सहा महिन्यांच्या आतलं हवं. ते दिवसरात्र फक्त अंगावरच्या दुधावर हवं. वरचं दूध नाही, पेज नाही. आणि बाळंतपणानंतर पाळी सुरू झालेली नसावी. तिन्ही अटी पाळल्या गेल्या तर शंभरात दोघींनाच दिवस जातात. एक अट मोडली की भरवसा संपला. पाळी येण्याआधी स्त्रीबीज सुटतं, हे विसरू नका. पाळी न येता पुन्हा दिवस गेलेल्या बायका तुमच्याही पाहण्यात असतील.

‘आता माझं वय झालं, पाळीही मागंपुढं होते.’ चाळिशीनंतर शक्यता कमी होते, पण संपत नाही. पन्नाशीच्या आत पाळी थांबली तर पुढं दोन वर्षं, आणि पन्नाशीनंतर थांबली तर एक वर्ष काळजी घ्यावी, असं डॉक्टर सांगतात.

‘पपई खा, तिळगुळाचा काढा घे, जिन्यावरून उड्या मार.’ माझ्या मैत्रिणीनं मागच्या वर्षी हे सगळं केलं. पपई आणि काढा यांनी दिवस जायचे थांबत नाहीत. हातचे दिवस मात्र निघून जातात.

पहिले पाच दिवस महत्त्वाचे

साधन वापरायचं राहिलं, निरोध फाटला, गोळ्या घ्यायच्या विसरल्या, तर काय करावं? आजपासून दिवस मोजत बसू नका. लगेच हालचाल करा. हातात दोन उपाय असतात.

पहिला म्हणजे तातडीची गर्भनिरोधक गोळी. लिव्होनॉरजेस्ट्रेल या औषधाची दीड मिलिग्रॅमची एकच गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची. जितकी लवकर घ्याल तितकी बरी. दुसऱ्या दिवशीपेक्षा त्याच दिवशी. आपल्याकडे २००५ सालापासून ती डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय औषधाच्या दुकानात मिळते. सरकारी केंद्रांत आणि आशाताईंकडेही असते. गोळी घेतल्यावर दोन तासांच्या आत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. मळमळ होते, डोकं जड होतं, पुढची पाळी थोडी लवकर किंवा उशिरा येते. पाजणाऱ्या आईलाही ती चालते.

ही गोळी काय करते, ते नीट समजून घ्या. ती गर्भ पाडत नाही. स्त्रीबीज सुटणं ती लांबवते, म्हणजे आधीच येऊन थांबलेल्या पुरुषबीजाला भेटायला कुणी उरत नाही. म्हणूनच स्त्रीबीज आधीच सुटलं असेल तर तिचा उपयोग होत नाही. राहिलेल्या गर्भाला ती अपाय करत नाही. गोळी घेतल्यानंतर त्याच महिन्यात पुन्हा साधनाशिवाय संबंध आला तर तिचं संरक्षण मिळत नाही. उलट लांबलेलं स्त्रीबीज नेमकं तेव्हाच सुटायचं! शरीर फार स्थूल असेल, किंवा क्षयाची अथवा फेफऱ्याची काही औषधं चालू असतील, तर ही गोळी कमी पडू शकते. अशा वेळी डॉक्टरांना ते सांगावं.

दुसरा उपाय म्हणजे तांबी. संबंध आल्यापासून पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून तांबी बसवून घेतली तर शंभरात एकीलाही क्वचितच दिवस जातात. गोळीपेक्षा हा उपाय कितीतरी भरवशाचा, आणि स्त्रीबीज नुकतंच सुटलेलं असलं तरी उपयोगी पडतो. शिवाय पुढं पाच किंवा दहा वर्षं, जशी तांबी असेल तशी, काळजी मिटते. सरकारी दवाखान्यात ती मोफत बसवतात. मूल हवंसं वाटलं की काढून घ्यायची. तांबीमुळे पहिले काही महिने पाळीत जास्त जाऊ शकतं, पोटात दुखू शकतं. आधीच पंडुरोग असेल किंवा खाली संसर्ग असेल तर डॉक्टर तपासून सल्ला देतील.

डॉक्टरीणबाईंनी माझ्या मैत्रिणीचं कॅलेंडर विचारलं. सोमवार म्हणजे तिचा बाविसावा दिवस. “गोळीची वेळ टळून गेली असण्याचा संभव आहे. तांबी बसवू या का?” असं त्यांनी तिलाच विचारलं. तिनं मान डोलावली. अर्ध्या तासात आम्ही रिक्षात होतो.

मग वाट पाहायची, पण डोळसपणे

चौथ्या दिवशीच तपासणीची पट्टी आणून ‘काही नाही’ म्हणून निश्चिंत होणाऱ्या बायका आहेत. त्या पट्टीला काहीच अर्थ नसतो. गर्भ राहिल्यावर तो गर्भाशयात रुजायला, स्त्रीबीज सुटल्यापासून सहा ते बारा दिवस लागतात. तो रुजल्यावर जे द्रव्य शरीरात तयार होतं, तेच पट्टी लघवीत शोधते. म्हणून पाळीची तारीख चुकली की तपासावं. पाळी अनियमित असेल तर संबंध आलेल्या दिवसापासून तीन आठवड्यांनी. सकाळची पहिली लघवी घ्यावी आणि पाकिटावर दिलेली वेळ घड्याळ लावून पाळावी. दुसरी रेघ फिकट दिसली तरी ती रेघच. एकच रेघ आली आणि पाळी मात्र येत नसेल, तर आठवड्यानं पुन्हा तपासावं.

नेहमीपेक्षा अगदीच थोडं आणि एखादा दिवस गेलं, तर ‘आली एकदाची’ म्हणून सुटकेचा श्वास टाकू नका. तेव्हाही तपासणी करा. ओटीपोटात एका बाजूला जोराची कळ, घेरी, अंगावरून जाणं असं काही झालं तर घरात पडून राहू नका. गर्भ नलिकेत अडकल्याचं ते लक्षण असू शकतं, आणि त्यात जिवाला धोका असतो. रात्र असली तरी दवाखाना गाठा.

दिवस गेलेच तर

कधी मूल नकोसं असताना राहतं आणि घर ते आनंदानं स्वीकारतं. कधी परिस्थितीच अशी असते की ते शक्य नसतं. काय करायचं ते त्या बाईनं ठरवायचं, शेजारणीनं नव्हे.

पण एक गोष्ट ठाऊक असू द्या. आपल्या देशात १९७१ सालच्या कायद्यानं वैद्यकीय गर्भपाताला मान्यता दिलेली आहे. साधन निकामी ठरल्यामुळे राहिलेला गर्भ हे त्यातलं एक कारण आहे. २०२१ च्या दुरुस्तीनंतर वीस आठवड्यांपर्यंत एका नोंदणीकृत डॉक्टरांचं मत पुरतं, आणि काही विशिष्ट परिस्थितीत दोन डॉक्टरांच्या मतानं चोवीस आठवड्यांपर्यंत मुभा आहे. सज्ञान स्त्रीची स्वतःची संमती पुरते. नवऱ्याची सही कायद्यानं लागत नाही. तिचं नाव गुप्त ठेवणं डॉक्टरांवर बंधनकारक आहे. जितकं लवकर जाल तितकं ते सोपं आणि सुरक्षित.

मागच्या वर्षी माझ्या मैत्रिणीला यातलं काही ठाऊक नव्हतं. लाजेपोटी ती दवाखान्यात गेली नाही. कुणीतरी कुठूनतरी आणून दिलेल्या गोळ्या तिनं घरातच, कुणाला न सांगता घेतल्या. अर्धवट झालं. तिसऱ्या रात्री इतकं रक्त गेलं की तिला उभं राहवेना. तिच्या थोरलीनं येऊन माझं दार वाजवलं तेव्हा पोरीच्या हाताला कंप होता. तेवढं पाहिल्यावर मी ठरवलं, की हे विषय आता कुजबुजीत बोलायचे नाहीत. गर्भपाताच्या गोळ्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली सुरक्षित असतात. चोरून घेतल्या तर जिवावर बेततात.

पुढच्या वेळेसाठी

तातडीची गोळी ही अडीअडचणीची, रोजच्या भाजीसारखी वापरायची नव्हे. नेहमीसाठी सोयीचं साधन दोघांनी मिळून ठरवावं. निरोध आहे, रोजच्या गोळ्या आहेत, तांबी आहे, तीन महिन्यांनी घ्यायचं ‘अंतरा’ इंजेक्शन आहे. लखनौच्या केंद्रीय औषध संशोधन संस्थेनं शोधलेली, हार्मोन नसलेली गोळीही आहे. सरकारी केंद्रांत ती ‘छाया’ या नावानं मिळते. ही सगळी साधनं सरकारी केंद्रांत मोफत असतात. कोणतं साधन कुणाला मानवेल हे तपासणी करून डॉक्टरच सांगतील. कुटुंब पुरं झालं असेल तर पुरुषाची नसबंदी ही बाईच्या शस्त्रक्रियेपेक्षा सोपी असते, हेही घरात एकदा बोलून पाहा. नुसतं बोलायला काय हरकत आहे?

या गोष्टी मराठीत उघडपणे सांगण्यासाठी र. धों. कर्वे यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत ‘समाजस्वास्थ्य’ मासिक चालवलं. त्यापायी त्यांच्यावर खटले झाले, पण ते लिहीत राहिले. त्याला आता शंभर वर्षं होत आली. आणि आपण अजून वाटीच्या आडून विचारतो आहोत!

माझी मैत्रीण गेल्या आठवड्यात पुन्हा आली होती. या वेळी वाटी खरोखर विरजणाचीच होती. पाळी वेळेवर आली, म्हणाली. कॅलेंडरवरची फुली आता ती पेनानं करते. थोरली उद्या मोठी होईल, तेव्हा फुलीचा अर्थ तिला सांगायचा, असंही तिनं ठरवलं आहे. तुमच्या घरी कुणी अशी वाटी घेऊन आली, तर तिला बसवा, चहा टाका आणि पहिला प्रश्न हाच विचारा: “किती दिवस झाले?”

कापून ठेवण्यासाठी

• संबंध आल्यापासून ७२ तासांच्या आत: तातडीची गोळी. जितकी लवकर तितकी बरी.
• पाच दिवसांच्या आत: डॉक्टरांकडून तांबी. सर्वांत भरवशाचा उपाय.
• पाळी चुकल्यावर किंवा तीन आठवड्यांनी: सकाळच्या लघवीची तपासणी. शंका राहिल्यास आठवड्यानं पुन्हा.
• एका बाजूला तीव्र कळ, घेरी, फार रक्तस्राव: ताबडतोब दवाखाना.
• गर्भपाताची गोळी: डॉक्टरांशिवाय कधीही नाही.